एका समाजाच्या पक्षाला देशभर मान्यता कशी मिळते? नाव बदलून उपयोग होतो का?

नाव बदलून काही होत नाही. खरं तर उत्तर इथेच संपतं, पण तुमच्या प्रश्नातली दुसरी ओळ मला बोचली. तुम्ही विचारलंय, "पक्षाच्या नावात 'भारतीय' घातलं तर इतर समाज जवळ येतील का?" हेच वाक्य मी परळच्या एका खोलीत ऐकलंय, आणि त्यावरून माझ्या चुलतभावाशी माझं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

मी दापोली तालुक्यातला, कुणब्याचा. आमच्याकडे गावचे निर्णय मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या खोलीत होतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जानेवारी 2017, जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती. मी ज्या पक्षाचं काम करत होतो त्याचं नाव घेत नाही. समाजासाठी निघालेला पक्ष, बैठकीला सगळी आडनावं ओळखीची. पण पुढाऱ्यांना आता जिल्ह्याबाहेर जायचं होतं, पुढेमागे दिल्लीपर्यंत. म्हणून पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं, 'अठरापगड समाजांचा एकच पक्ष'. दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, दोन गठ्ठे मुंबईहून रातराणीने पाठवले.

ते घेऊन मी संध्याकाळी हर्णै बंदरावर गेलो. लिलावाची वेळ. होड्या आत उभ्या, बैलगाड्या पाण्यात घालून मासळी बाहेर येत होती. एक मावशी कोळंबीची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. मी पत्रक दिलं. तिने ओला हात लुगड्याला पुसला, दोन्ही बाजू नीट वाचल्या आणि विचारलं, "दादा, यात आमचं काय लिवलंय?" मी ओळीवर बोट ठेवलं, 'मच्छीमार बांधवांच्या समस्या सोडवू'. ती म्हणाली, "कंच्या?"

मला एकही सांगता आली नाही. मग तिनेच सांगितल्या. पर्ससीनवाले, ते मोठ्या जाळ्यांचे, सगळं ओढून नेतात. डिझेलचा परतावा महिनोन्महिने येत नाही. धड जेटी नाही, बैल पाण्यात घालतो ते काय हौस म्हणून? आणि शेवटी, "तुमच्यात एक तरी कोळी उभा हाय का?" पत्रकाची घडी घालून तिने ते मला परत दिलं. फेकलं असतं तर इतकं लागलं नसतं.

रविवारी मी परळला गेलो. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचे कागद, वाटायचे बाकी होते. मी म्हटलं, बंदराकडच्या गटात मच्छीमार सोसायटीतला एक चांगला पोरगा आहे, त्याला उभा करा, आणि परताव्यासाठी आपण सगळे, कुणबीसुद्धा, तहसीलवर जाऊन बसू. खोलीत कुणी बोलेना. मग दादा म्हणाला, "आपली मतं आपल्यालाच पुरत नाहीत आणि तू वाटायला निघालास. त्यापेक्षा नावात 'भारतीय' घालू. पत्रक हिंदीतही काढू."

माझं डोकं फिरलं, कारण आमचा दोघांचा आजा एकच.

आमचा आजा खोताचं कूळ. खोत म्हणजे कोकणात सरकारसाठी गावचा सारा वसूल करणारा, जमिनीवर हक्क सांगणारा. त्या काळी खोताच्या जमिनीत कुणबीही राबायचा आणि महारही. बाबासाहेबांनी ऑगस्ट 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. बाबासाहेबांना मानणारा समाज पाठीशी होताच, पण पक्ष कष्टकऱ्यांचा म्हणून उभा केला आणि अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांच्यासारखी सवर्ण घरांतली माणसं त्याच पक्षातून कायदेमंडळात गेली. सप्टेंबर 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती ही एकट्या महाराची अडचण नव्हती, कुणब्याच्याही मानेवर तोच खोत बसला होता. म्हणून जानेवारी 1938 मध्ये मुंबईत कायदेमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला तेव्हा आजा दाभोळपर्यंत चालत गेला आणि बोटीने मुंबईला पोचला. त्याच्या घरच्यांनी कधी महाराला ओटीवर घेतलं नव्हतं. तिथे मात्र तो एका पंगतीत बसून भाकरी खाऊन आला. परत आल्यावर ओटी होती तशीच राहिली, हेही लपवत नाही. पण खोती जाण्याचा कायदा 1949 ला झाला तेव्हा तो म्हणायचा, "बाबासाहेबांनी आपला खोत काढला." 'आपला' म्हणायचा.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. दुसऱ्याचं दुखणं आपल्या नावावर घ्यायचं, आणि त्याच्या माणसाला उमेदवारी द्यायची.

1942 मध्ये क्रिप्स योजनेच्या, म्हणजे भारताला स्वराज्य देण्याच्या प्रस्तावाच्या, वेळी ब्रिटिश बोलणी करत होते ती समाजासमाजाच्या हिशेबाने. मग मजूर पक्ष बाजूला ठेवून नागपुरात फक्त अनुसूचित जातींचं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं करावं लागलं. पुढे बाबासाहेबांनी सगळ्यांसाठी रिपब्लिकन पक्षाची कल्पना मांडली, पण तो स्थापन झाला 3 ऑक्टोबर 1957 ला, त्यांच्या मागे. याहून मोकळं नाव कुठल्या पक्षाला मिळणार? तरी इतर समाज त्या नावाला भुलून आले नाहीत. पक्ष देशभर ऐकू आला तो दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 ला भूमिहीनांच्या जमिनीसाठी सत्याग्रह केले तेव्हा. फुटीने नंतर काय केलं ते आपण सगळे बघतोच आहोत.

नाव बदलण्याचा ताजा दाखला हवा असेल तर तेलंगणा राष्ट्र समिती बघा. 2022 मध्ये 'भारत राष्ट्र समिती' झाली, फेब्रुवारी 2023 मध्ये नांदेडला मोठी सभा घेतली, त्याच वर्षअखेरीला तेलंगणातली सत्ता गेली आणि 2024 च्या लोकसभेत एकही जागा नाही. अकाली दलाने 1996 च्या मोगा अधिवेशनात शीख पंथाऐवजी पंजाबियतची, म्हणजे सगळ्या पंजाब्यांची, भाषा धरली. ते शहाणपणाचं होतं, कारण पंजाबातल्या हिंदूला त्यात जागा होती. आणि शिवसेना? 1966 ला मराठी माणसासाठी निघाली, ऐंशीच्या दशकात हिंदुत्व घेतलं. त्याने मुंबई-ठाण्याबाहेरचा महाराष्ट्र मिळाला, पण राज्याबाहेर तेच घेऊन भाजप आधीच बसला होता. 1991 ला उत्तर प्रदेशात अकबरपूरची एक आमदारकी मिळाली, लोकसभेला राज्याबाहेरचा पहिला खासदार मिळायला 2021 ची दादरा-नगर हवेलीची पोटनिवडणूक यावी लागली.

आता दादाची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. दुसऱ्याला जागा दिली की आपला माणूस रुसतो, हे खरं आहे. आमच्याच वाडीत दोघांनी मला तोंडावर सांगितलं होतं, कोळ्याला दिलंत तर आम्ही घरी बसू. आणि नुसत्या उमेदवाऱ्या वाटूनही टिकत नाही. बसपने 2007 ला ब्राह्मणांना भरघोस तिकिटं दिली, 403 पैकी 206 जागा घेऊन उत्तर प्रदेशात एकट्याच्या बळावर सरकार आणलं, आणि 2022 ला त्याच विधानसभेत एक जागा उरली. राष्ट्रीय पक्षाचा दर्जा हवा असेल तर निवडणूक आयोगाचे निकष वेगळे आहेत, चार राज्यांत राज्य पक्ष म्हणून मान्यता हा त्यातला एक मार्ग. पण तुमचा पक्ष अजून दुसऱ्या तालुक्यातही गेलेला नाही असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा तो विचार आत्ता नको.

आमचं झालं ते असं. उमेदवार आमचाच दिला. बंदरावरच्या बूथवर पडलेली मतं बोटांवर मोजता आली. तो सोसायटीतला पोरगा दुसऱ्याच पक्षात गेला. पत्रकांचा एक गठ्ठा न सोडलेला माझ्या माळ्यावर पडून आहे.

दादा, गावच्या ग्रुपवर कुणीतरी हे टाकेल आणि तू वाचशीलच. गणपतीला येशील तेव्हा आपण दोघं संध्याकाळी हर्णैला जाऊ. मावशी अजून तिथेच बसते. येताना पत्रक आणू नकोस.