‘कंदमूळ’ हा एक शब्द की दोन?

प्रश्न असा आहे: ‘बटाट्याला सगळे कंदमूळ म्हणतात, विज्ञानाच्या पुस्तकात मात्र ते खोड असल्याचे लिहिलेले असते. मग कंदमूळ हा शब्दच चुकीचा आहे का? आणि कंद, गड्डा, कुडी यांत फरक काय?’

शब्द चुकीचा नाही, तो आपण सैल करून टाकला आहे. संस्कृतातला ‘कंदमूलफल’ हा द्वंद्व समास आहे: कंद, मुळे आणि फळे. म्हणजे कंद वेगळा आणि मूळ वेगळे, हे समासातच आहे. मराठीत शेवटचे फळ गळून पडले, उरलेले दोन शब्द एकमेकांना चिकटले आणि जमिनीतून उकरून काढलेले जे जे खाता येते ते सगळे ‘कंदमूळ’ झाले. उपवासाच्या ताटापुरता हा अर्थ चालतो. लागवड करायची झाली की मात्र अडतो, कारण खोड आणि मूळ यांची लागवड एकसारखी होत नाही.

दोन्ही ओळखायची खूण शेतकऱ्यांच्या भाषेत आधीपासून आहे. ती म्हणजे ‘डोळा’. उसाची टिपरी दोन डोळ्यांची, बटाट्याची फोड दोन-तीन डोळ्यांची, हळदीच्या बेण्याला फुगलेला डोळा हवा, गुलाबाच्या खुंटावर डोळा भरतात. या सगळ्या ठिकाणी डोळा म्हणजे खोडाच्या पेरावरची कळी, जिच्यातून फांदी फुटते. मुळाला पेरे नसतात, म्हणून डोळेही नसतात. बटाट्याला डोळे असतात आणि रताळ्याला नसतात, एवढ्यावर निकाल लागतो.

खात्री करायची असेल तर एक मोठा बटाटा घ्या. रोपाशी जोडलेल्या नाळेचा वण एका टोकाला दिसेल. तिथून सुरुवात करून प्रत्येक डोळ्यात टाचणी खोचा आणि टाचण्यांना दोरा गुंडाळत जा. दोरा मळसूत्रासारखा वर चढतो. फांदीवर पाने ज्या क्रमाने येतात तोच हा क्रम. प्रत्येक डोळ्यावर भुवईसारखी एक कड असते, ती खवल्याएवढ्या पानाची खूण. वरच्या टोकाला डोळे दाट असतात, कारण तो फांदीचा शेंडा आहे, आणि कोंबही आधी तिथूनच निघतो. उजेडात हिरवा पडतो म्हणून बटाटा खोड, असा पुरावा पुष्कळदा दिला जातो. तो लंगडा आहे. मातीबाहेर राहिलेला गाजराचा खांदाही हिरवा होतो.

आता गंमत नावांची. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून घेतला होता. त्या भाषेत ‘बटाटा’ म्हणजे रताळे! मुळाचे नाव खोडाला गेले. रताळ्याच्या शास्त्रीय नावात, ‘आयपोमिया बटाटास’मध्ये, ते अजून जागेवर आहे. ‘रताळे’ हा शब्दही परका पाहुणा सांभाळतो आहे. संस्कृतातला ‘रक्तालु’ हा कोनफळाच्या जातीचा लाल-जांभळा कंद होता. गुजरातीत ‘रताळू’ म्हणजे आजही उंधियूत पडणारा तो जांभळा कंद, ज्याला मराठीत कोनफळ म्हणतात. अमेरिकेतून नवे पीक आले तेव्हा आपण जुने नाव त्याला देऊन टाकले. तेव्हा नावावरून अवयव ओळखायला जाऊ नये. याला एक सन्माननीय अपवाद मुळ्याचा. पण त्याचाही वरचा, पानांलगतचा भाग रोपाच्या मूळ-खोडामधल्या दांड्यापासून बनतो.

वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत जमिनीखालच्या खोडांचे चार प्रकार पाडले आहेत. बटाटा हा ग्रंथिक्षोड, म्हणजे जमिनीखालच्या फांदीचे फुगलेले टोक. (‘क्षोड’ला बिचकू नका, खोडच समजा.) आले-हळद हे मूलक्षोड, म्हणजे आडवे वाढणारे खोड. आल्यावरची वर्तुळे ही पेरे आणि त्यांवरचे कागदी पापुद्रे ही पाने. सुरण आणि अळकुडी हे घनकंद, म्हणजे उभे, आखूड, भरीव खोड. कांदा-लसूण हे काटेकोर अर्थाने कंद. कांद्यात खोड असते ते बुडाची पातळ चकती एवढेच, बाकी आपण खातो ते पानांचे मांसल तळ. म्हणून कांद्याचे पदर सुटतात आणि बटाट्याचे सुटत नाहीत. कापलेल्या बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाका, निळा-काळा होईल. कांद्यावर होणार नाही, कारण कांदा पिष्ट साठवत नाही, शर्करा साठवतो. ‘मूलक्षोड’ हा शब्द मला फारसा आवडत नाही. ज्याला मूळ म्हणू नका असे सांगायचे, त्याच्याच नावात मूळ घुसवले आहे.

बोलीतले शब्द यापेक्षा नेमके आहेत, फक्त ते आकार आणि काम पाहून ठरलेले आहेत. गड्डा म्हणजे पूर्ण, गोलसर पुंजका: लसणाचा गड्डा, सुरणाचा गड्डा. कुडी किंवा पाकळी हा त्याचा सुटा होणारा भाग. लसणाची प्रत्येक कुडी म्हणजे पानाच्या बगलेतली फुगलेली कळी, म्हणून एका कुडीचे एक रोप होते. हळदीत तर पिढ्यांची नावे आहेत. मुख्य खोडाखाली वाढतो तो जेठा गड्डा, त्याच्या बाजूला फुटतात ते बगल गड्डे, त्यांना बोटांसारखी येतात ती हळकुंडे. बेण्यासाठी जेठा गड्डा ५० ग्रॅमच्या वर, बगल गड्डा ४० आणि हळकुंड ३० ग्रॅमच्या वर असावे असे सांगतात. लहान बेण्यात साठा कमी, त्यामुळे कोंब अशक्त निघतो.

चुका होतात त्या डोळा विसरल्याने. बटाटा आडवा कापला तर शेंड्याकडच्या फोडीला सगळे जोमदार डोळे जातात आणि बुडाची फोड उशिरा उगवते किंवा आंधळी राहते. म्हणून उभा कापायचा, फोड २५ ते ४० ग्रॅमची ठेवायची आणि सावलीत दोन-तीन दिवस पसरून कापावर बुचासारखा थर धरू द्यायचा. ओल्या जमिनीत ताजी फोड लावली की कुजते. पावसाळ्यात तर अख्खे लहान बटाटे लावणेच बरे. सुरणाला मुख्य डोळा माथ्यावर एकच असतो, त्यामुळे प्रत्येक फोडीला त्या माथ्याचा तुकडा यायलाच हवा. काप कलिंगडासारखे उभे घ्यावेत.

रताळ्याचे तुकडे करून लावणारा मात्र फसतो. रताळ्यालाही कोंब फुटतात, बहुतेक वेलाकडच्या टोकाला, पण ते ठरलेल्या डोळ्यातून नव्हे, नव्याने तयार झालेल्या आगंतुक कळ्यांतून. म्हणून रताळी गादीवाफ्यात ठेवून वेल वाढवतात आणि शेतात वेलाचेच फुटभर तुकडे लावतात, मधली दोन-तीन पेरे मातीत दाबून. त्या पेरांवरून निघालेली मुळे पुढे फुगतात. पेर मातीबाहेर राहिले तर रताळे धरणार कुठे?

मुळाची आतली रचनाही वेगळी दिसते. गाजर आडवे कापले की मधला, पुष्कळदा फिकट आणि चिवट गाभा दिसतो, ती पाणी वाहणारी ऊती. बाहेरचा गोड, मऊ भाग अन्नरस वाहणाऱ्या ऊतीच्या बाजूचा. जून गाजराचा गाभा लाकडासारखा लागतो, कारण लाकूड हीही तीच ऊती. बिटाच्या चकतीवर एकात एक कडी दिसतात, कारण त्यात वाढीचे थर एकामागून एक नवे तयार होतात.

जमिनीखाली असणे ही कंदाची अट नाही, हेही जाता जाता सांगायला हवे. करांद्याच्या वेलावर पानांच्या बगलेत कंद लटकतात, ते खाली पडून उगवतात. उलट भुईमुगाची शेंग जमिनीत भरते, पण ती फळ आहे. फूल गळल्यावर त्याच्या बुडातून आरी, म्हणजे टोकदार दांडी, सुटते आणि मातीत शिरते. आणि तीर्थक्षेत्री ढोलासारखा ठेवून पातळ चकत्या विकतात तो ‘रामकंद’? वनस्पतिशास्त्रज्ञांनी डीएनए तपासला तेव्हा तो घायपाताचा निघाला. पाने छाटलेला बुंधा, आणि मूळचा मेक्सिकोकडचा.