दरडीच्या बातम्यांनी सात वर्षांचा मुलगा घाबरलाय. त्याला काय सांगू?

तुम्ही लिहिलंय की पावसाळा लागला की चॅनेलवाले रायगडमधल्या इर्शाळवाडीवर कोसळलेल्या दरडीची जुनी दृश्यं लावतात, आणि ठाण्यात वाढणारा तुमचा मुलगा विचारतो, "आजीच्या घरावर डोंगर पडेल का?" आजी पोलादपूरकडे, डोंगराच्या पायथ्याशी.

मी महाड तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. जुलै २०२१मध्ये इथल्या तळिये गावावर दरड आली, तेव्हापासून हा प्रश्न वर्गात दर पावसाळ्यात येतो. "छे, काही होत नाही" हे उत्तर इथे चालत नाही. मुलांना खिडकीतून डोंगर दिसत असतो. तुम्हीही ते देऊ नका. पुढची दरड कुठेही आली तरी तुमचं बोलणं खोटं पडेल.

आधी टीव्ही बंद करा. तीच दृश्यं दिवसभर दिसली की एवढ्या पोराला रोज नवा डोंगर कोसळतोय असं वाटू शकतं. इर्शाळवाडीचं हे १९ जुलै २०२३च्या रात्री झालं, एकदाच, हे सांगा. मग त्यालाच विचारा, "तू काय ऐकलंस?" भीती बऱ्याचदा भलतीच निघते. आमच्या एकाला वाटायचं, डोंगर माणसांवर रागावतो. त्याला सांगितलं, खूप पाणी मुरलं की उतारावरची माती जड होते आणि खाली घसरते. राग नाही की शिक्षा नाही.

"तिथली मुलं मेली का?" असं विचारलं तर हो, काही मेली, म्हणा. "झोपली" एवढं मात्र म्हणू नका. ती दरड लोक झोपेत असताना आली होती. हे कानावर पडलेलं पोर रात्री डोळा मिटणार नाही. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले, हे आकडे त्याने विचारल्याशिवाय कशाला? वाडीला रस्ता नव्हता, मदतीला गेलेली माणसं पावसात डोंगर चढून गेली, हे सांगा. पुणे जिल्ह्यात दरडीखाली गेलेल्या माळीण गावाचंही सांगा. ३० जुलै २०१४ला एसटीचा ड्रायव्हर नेहमीच्या रस्त्याने आला तर गावच दिसेना, आणि त्यानेच बाहेर खबर दिली. आमची पोरं हे पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

झोप उडाली, अंथरूण ओलं होऊ लागलं आणि पंधरा दिवसांत फरक नाही, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

राहिली आजी. तिला फोन लावा आणि त्यालाच विचारू दे: पाऊस वाढला की तू कुठे जातेस? बरोबर काय घेतेस? आमच्याकडे धोक्याच्या वाड्यांना पावसाळ्यात नोटिसा येतात, माणसं शाळेत किंवा समाजमंदिरात हलतात. (गुरं कुठे हलवायची ते नोटिशीत नसतं, पण ते मोठ्यांचं भांडण.) जमिनीला भेग पडली, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ आलं तर थांबायचं नाही, हेही आजीने त्याला सांगावं. आणि आजीकडे उत्तरच नसेल तर गणपतीची वाट बघू नका. येत्या सुट्टीला जा आणि सरपंच-तलाठ्यांना तुम्हीच विचारून या.