पब्लिक अकाउंटिंग आवडतं का, आणि सोडायचं ठरलं तर सोडता येतं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सीए होऊन दोन वर्षं झाली, ऑडिटमध्येच नोकरी चालू आहे, अमेरिकेतली एक मध्यम आकाराची फर्म एच-1बीसाठी, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसासाठी, अर्ज करायला तयार आहे. पण तिथल्या पब्लिक अकाउंटिंगबद्दल, म्हणजे फर्ममध्ये राहून इतर कंपन्यांचं ऑडिट आणि टॅक्सचं काम करण्याबद्दल, जे वाचायला मिळतं त्यात सगळे वैतागलेलेच दिसतात. मग तिथल्या अकाउंटंटना हे काम खरंच आवडतं का, की सरळ एखाद्या कंपनीच्या फायनान्स विभागात नोकरी शोधावी? तू मला ताई म्हणून लिहिलंस, म्हणून एकेरीतच उत्तर देते.

मी 2013 मध्ये एका मोठ्या फर्मच्या भारतातल्या कार्यालयातून एल-1 व्हिसावर, म्हणजे त्याच फर्ममधल्या बदलीच्या व्हिसावर, इथे आले. सहा वर्षं ऑडिट केलं, मग तीन वर्षं एका कंपनीच्या अकाउंटिंग विभागात होते, आणि 2022 मध्ये स्वतःच्या मर्जीने पुन्हा पब्लिकमध्ये आले, या वेळी लहान फर्ममध्ये. मला हे काम आवडतं. पण पहिल्या सहा वर्षांतली निदान दोन वर्षं मी ते केवळ सोडता येत नव्हतं म्हणून केलं, आणि माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा तोच आहे.

तुझ्या आर्टिकलशिपमधलं, म्हणजे सीए होताना फर्ममध्ये केलेल्या उमेदवारीतलं, बरंच इथे उपयोगी पडतं. व्हाउचिंग, स्टॉक मोजणी, बँकेची कन्फर्मेशन्स, वर्किंग पेपर, यातलं काहीच नवीन वाटणार नाही. वर्ष मात्र बहुतेक कंपन्यांचं 31 डिसेंबरला संपतं, त्यामुळे आपल्याकडे सप्टेंबरच्या आसपास जी धावपळ असते ती इथे जानेवारी ते मार्चमध्ये होते. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना वार्षिक अहवाल वर्षअखेरीनंतर 60 दिवसांत दाखल करावा लागतो. टॅक्सवाल्यांच्या तारखा वेगळ्या: भागीदारी संस्था आणि एस-कॉर्पोरेशन (जिच्या नफ्यावरचा कर भागधारक स्वतः भरतात अशी कंपनी) यांच्यासाठी 15 मार्च, व्यक्ती आणि इतर कॉर्पोरेशनसाठी 15 एप्रिल. मुदतवाढ घेतली की हीच रिटर्न्स 15 सप्टेंबर आणि 15 ऑक्टोबरला पुन्हा समोर उभी राहतात. त्यामुळे टॅक्समध्ये वर्षात दोन हंगाम असतात. ऑडिटमध्ये एकच असं म्हणतात, पण तुझ्या फर्मकडे कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती योजनांची ऑडिट्स असतील तर जुलै आणि ऑक्टोबरसुद्धा मोकळे समजू नकोस.

बिझी सीझनमध्ये मी आठवड्याला 65-70 तास काम केलं आहे, तेही सलग दहा-अकरा आठवडे. जादा तासांचा मोबदला मिळत नाही. आपण पगारी व्यावसायिक म्हणून ओव्हरटाइमच्या कायद्याबाहेर असतो, आणि हे ऑफर घेण्याआधी कुणी समजावून सांगत नाही. तरी मला विचारशील तर लोक कंटाळतात ते तासांना नाही. आर्टिकलशिप केलेल्या मुलीला रात्री उशिरापर्यंत बसण्याचं अप्रूप नसतं. लोक खचतात ते टाइमशीटमुळे.

इथे प्रत्येक तास कुठल्या ना कुठल्या क्लायंटच्या नावावर टाकायचा असतो आणि प्रत्येक कामाला तासांचं बजेट असतं. माझ्या दुसऱ्या वर्षी एका कारखान्याच्या ऑडिटवर इन्व्हेंटरीचं काम माझ्याकडे होतं. क्लायंटने नवी प्रणाली बसवली होती, जुने आणि नवे आकडे जुळत नव्हते, आणि बजेट मात्र आदल्या वर्षीचंच. सीनियरने मला तास कमी लिही असं सांगितलं नाही, "बजेट संपलंय, बघ" एवढंच म्हणाली. त्या आठवड्यात मी 70 तास काम केलं आणि 55 लिहिले. पुढच्या वर्षी त्या 55 वरच नवं बजेट ठरलं आणि ते काम एका नव्या मुलाकडे गेलं. तो रोज रात्री अकराला माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचा, माझंच काही चुकतंय का? त्याचं काहीच चुकत नव्हतं, माझं चुकलं होतं. तेव्हापासून मी एकही तास खाल्लेला नाही, आणि आज माझ्या टीममध्ये कुणी खाल्ला तर मी तो परत लिहायला लावते. तासांविषयी फर्मचा पवित्रा काय आहे यावरून तिथली माणसं सुखी आहेत की नाही ते मला कळतं. पगारावरून कळत नाही.

आता आवडण्यासारखं काय आहे ते सांगते, कारण त्याबद्दल कुणी लिहीत नाही. 2018 मध्ये शेअर बाजारातल्या कंपन्यांसाठी महसुलाचं, म्हणजे विक्रीचं उत्पन्न कधी आणि किती दाखवायचं याचं, नवं मानक लागू झालं. माझ्याकडे एक सॉफ्टवेअर कंपनी होती. तिचे करार वाचता वाचता एका मोठ्या करारात तीन वर्षं मोफत अपग्रेड देण्याचं कलम सापडलं. म्हणजे विक्रीची सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उत्पन्न म्हणून दाखवता येणार नव्हती. तिचा काही भाग वेगळा काढून तीन वर्षांवर पसरावा लागणार होता. मी ते मांडलं, सीनियर मॅनेजरने उलटतपासणी केली, पार्टनर आला, क्लायंटचा फायनान्स प्रमुख आला, आणि त्या खोलीत दोन तास फक्त त्या एका कलमावर चर्चा झाली. मी तेव्हा नुकतीच मॅनेजर झाले होते आणि सगळे माझं ऐकत होते. कंपनीच्या अकाउंटिंग विभागात पुढे तीन वर्षं काढली, तिथे संध्याकाळी सहाला घरी जाता यायचं, माणसं चांगली होती, पण दर महिन्याला तेच क्लोजिंग, त्याच नोंदी. एकाच कंपनीची वही आतून पाहण्यात मला ते मिळालं नाही. पब्लिकमध्ये एका वर्षात पाच-सहा धंदे आतून कळतात. ज्यांना याची भूक आहे ते इथे रमतात. ज्यांना एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपली म्हणून करायची असते त्यांना इंडस्ट्रीच, म्हणजे एखाद्या कंपनीतली नोकरीच, बरी.

फर्मच्या आकारानेही फरक पडतो. मोठ्या फर्ममध्ये पहिली दोन वर्षं एका प्रचंड क्लायंटच्या एका कोपऱ्यात जातात: रोख रक्कम, देणी, कंपनीची अंतर्गत नियंत्रणं (कंट्रोल) तपासायला 25 नमुने. लहान आणि मध्यम फर्ममध्ये पहिल्याच वर्षी मालकाशी समोरासमोर बोलावं लागतं. मला हे दुसरं जास्त मानवलं.

आता मुद्द्याचं. माझ्यासोबत सुरुवात केलेले अमेरिकन सहकारी हसतखेळत काम करायचे. मला वाटायचं त्यांना माझ्यापेक्षा हे काम जास्त आवडतं. तसं नव्हतं. ते दोन-तीन वर्षांचा हिशोब करून आले होते: सीपीए (इथला सीए) व्हायचं, सीनियर व्हायचं, आणि एखाद्या क्लायंटकडे किंवा दुसऱ्या कंपनीत बऱ्या पगारावर निघून जायचं. दार उघडं आहे हे माहीत असलं की 70 तासांचा आठवडाही सोसतो. माझं दार बंद होतं. एल-1 व्हिसावर दुसऱ्या मालकाकडे जाता येत नाही. फर्मने माझा एच-1बीचा अर्ज तीनदा केला, तिसऱ्यांदा लॉटरीत नाव लागलं (जागांपेक्षा अर्ज जास्त येतात, म्हणून निवड सोडतीने होते). तोवर वाईट मॅनेजर आला तरी तिथेच, वाईट क्लायंट आला तरी तिथेच.

तू एच-1बीवर येशील, म्हणजे माझ्यापेक्षा बरी स्थिती. दुसऱ्या मालकाने नव्याने अर्ज केला तर लॉटरीशिवाय बदलता येतं. पण तीन गोष्टी लक्षात ठेव. नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. एच-1बीची एकूण मुदत साधारणपणे 6 वर्षं असते, आणि ती पुढे वाढवायची तर ग्रीन कार्डची प्रक्रिया पुढे सरकलेली असावी लागते. त्यातला आय-140, म्हणजे मालकाने तुझ्यासाठी करायचा अर्ज, मंजूर होण्याआधी मालक बदललास तर नवा मालक सगळं पहिल्यापासून सुरू करतो. म्हणजे अमेरिकन मुलं ज्या तिसऱ्या वर्षी बाहेर पडतात, नेमक्या त्याच वर्षी तुझा कागद अर्धवट असतो. शिवाय लहान कंपन्या व्हिसाच्या भानगडीत पडायला तयार नसतात, त्यामुळे इंडस्ट्रीतल्या पुष्कळ नोकऱ्या तुला जाहिरातीतच बाद होतात. तुझा नवरा सोबत येणार असेल तर त्याच्या कामाच्या परवान्याचा प्रश्नही त्या आय-140 शीच बांधलेला आहे.

आणखी एक: सप्टेंबर 2025 मध्ये निघालेल्या आदेशाने अमेरिकेबाहेर असलेल्यांसाठी केलेल्या नव्या एच-1बी अर्जांवर 1 लाख डॉलरचं शुल्क लावलं. मध्यम फर्मसाठी हा आकडा फार मोठा आहे. "आम्ही अर्ज करू" एवढ्यावर नोकरीचा राजीनामा देऊ नकोस. हे शुल्क त्यांनी गृहीत धरलं आहे का, ते लेखी घे.

सीपीएची परीक्षा तिथूनच सुरू कर. भारतातही ती देता येते. 2024 पासून तीन मुख्य पेपर आणि एक निवडीचा, प्रत्येकात 75 हवेत. भारतीय सीएला थेट सीपीए मानणारा करार नाही, त्यामुळे तुझ्या बी.कॉम. आणि सीएचं मूल्यमापन करून घ्यावं लागेल, आणि कोणतं राज्य त्याचे किती क्रेडिट (कॉलेजच्या अभ्यासाचे तास) धरतं ते वेगवेगळं आहे. बहुतेक राज्यांची 150 क्रेडिटची अट आता सैल होते आहे. 2025 मध्ये ओहायोसह काही राज्यांनी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा पर्यायी मार्ग कायद्यात आणला. इथे आल्यावर बिझी सीझनमध्ये अभ्यास होत नाही. मी दोन पेपर त्या नादात पुन्हा दिले.

आणि शेअर-म्युच्युअल फंड असतील तर त्यांची यादी तयार ठेव, नवऱ्याच्या गुंतवणुकीसकट. ज्याचं ऑडिट करायचं त्यात आपला पैसा असता कामा नये, हा नियम इथे पहिल्या दिवसापासून कडकपणे पाळतात.

मुलाखतीत पार्टनरला प्रश्न विचारून फारसं हाती लागणार नाही. दोन-तीन वर्षं झालेल्या सीनियरशी एकटीने बोलायला मिळावं अशी मागणी कर. तिला विचार, तुझ्यासोबत किती जण लागले होते आणि त्यातले किती उरलेत. बजेटपेक्षा जास्त तास लागले तर तू टाइमशीटवर काय लिहितेस? उत्तर द्यायला ती थांबली तर ते थांबणं लक्षात ठेव. आणि एचआरला विचार की ग्रीन कार्डचा अर्ज रुजू झाल्यावर किती महिन्यांनी सुरू करतात. पहिल्या वर्षात सुरू करत असतील तर ये, पहिले तीन हंगाम तू नक्की निभावशील आणि त्यातलं निम्मं तुला आवडेलही. "दोन वर्षांनी बघू" म्हणाले तर मी थांबले असते.

ऑफर लेटरमध्ये तुला ऑडिटमध्ये घेणार की टॅक्समध्ये हे तू लिहिलं नाहीस. टॅक्स असेल तर इथला कायदा तुला शून्यापासून शिकावा लागेल, प्रत्येक राज्याचा वेगळा, आणि मग मी वरचं बरंच बदलून सांगेन. तेवढं पाहून कळव.