१, ५, १३, २५, ४१… सूत्र बरोबर येतं, पण ‘कशावरून?’ याचं उत्तर काय लिहू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: गणिताच्या प्रकल्पासाठी तू ठिपक्यांची रांगोळी घेतलीस. मधल्या ओळीत १, ३, ५, ७, ९ ठिपके आणि वर-खाली दोन-दोन कमी करत टोकाला एक, अशा रांगोळ्या काढल्यावर एकूण ठिपके १, ५, १३, २५, ४१ भरले. ताईनं २न² − २न + १ हे सूत्र दिलं (न म्हणजे कितवी रांगोळी). ते पाचही ठिकाणी जुळलं. तरी बाईंनी वहीत लाल शाईनं ‘कशावरून?’ असा शेरा मारला, आणि आता पुढे काय लिहायचं ते कळत नाहीये.

तू नववीत आहेस म्हणून सरळ ‘तू’ म्हणते. मी चोवीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवते आहे आणि हा शेरा मीही शेकडो वह्यांवर मारलाय. तुझ्या बाईंना सूत्र चुकीचं वाटत नाहीये. त्यांना तुझी रांगोळी त्या सूत्रात दिसायला हवी आहे.

आधी सूत्र कुठून आलं ते बघू, कारण ताईनं बहुधा ही पायरी डोक्यातच केली असणार. शेजारच्या दोन संख्यांमधले फरक काढ: ४, ८, १२, १६. आता या फरकांमधले फरक: ४, ४, ४. दुसऱ्या पायरीवर फरक सारखे आले की सूत्रात वर्ग असतो. हा नियम मुलं पाठ करतात, पण त्यामागचं कारण अगदी साधं आहे. नुसत्या वर्गसंख्या घे: १, ४, ९, १६, २५. त्यांचे फरक ३, ५, ७, ९ आणि दुसरे फरक २, २, २. म्हणजे एका न² मुळे दुसरा फरक २ येतो. तुझा ४ आलाय, म्हणून २न². आता तुझ्या संख्यांमधून २न² वजा कर. १ − २, ५ − ८, १३ − १८, २५ − ३२, ४१ − ५०. उरतात −१, −३, −५, −७, −९. या विषम संख्याच आहेत, फक्त उणे, म्हणजे −(२न − १). झालं, २न² − २न + १.

हे सगळं वहीत लिही, पण त्याला ‘अंदाज’ असं नाव दे. कारण इथपर्यंत आपण रांगोळीकडे पाहिलेलंच नाही. पाच संख्या पाहिल्या आणि त्यांना बसेल असं सूत्र शिवलं. सहावी संख्या त्याच मापाची निघेल असं त्या पाच संख्यांनी आपल्याला कुठेही सांगितलेलं नाही.

हे मला अकरावीत असताना कळलं. आमच्या सरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं, वर्तुळावर बिंदू घ्यायला सांगितले आणि प्रत्येक बिंदू बाकीच्या सगळ्यांना रेषेनं जोडायला सांगितलं. आतले किती भाग होतात ते मोजायचं होतं. एका बिंदूला १ भाग, दोघांना २, तिघांना ४, चौघांना ८, पाचांना १६. मी सहासाठी ३२ लिहून मोकळी झाले. सर म्हणाले, “मोजून आण.” घरी कंपासनं वर्तुळ काढलं, त्रिज्येएवढे सहा भाग पाडले, सगळ्या रेषा जोडल्या आणि मोजले तर ३०. पुन्हा मोजले, पुन्हा ३०. पेन्सिलनं एकेका भागात आकडा घालून मोजले, तरी ३०. मग लक्षात आलं की तीन मोठ्या रेषा बरोबर मध्यावर एकाच बिंदूत मिळतायत. एक बिंदू जरा सरकवला तर तिथे छोटासा त्रिकोण उघडला आणि ३१ झाले. त्यापुढे कितीही सरकवलं तरी ३२ काही होत नाहीत.

का होत नाहीत, ते सरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. रेषा नसताना एक भाग असतो. प्रत्येक नवी रेषा एक भाग वाढवते, आणि आत जिथे दोन रेषा छेदतात तो प्रत्येक छेदनबिंदू आणखी एक भाग वाढवतो. सहा बिंदूंच्या रेषा १५. छेदनबिंदू होण्यासाठी चार बिंदू लागतात, आणि सहातून चार बिंदू १५ प्रकारे निवडता येतात. १ + १५ + १५ = ३१. दुपटीचा यात कुठे संबंधच नव्हता, पहिल्या पाच ठिकाणी ती योगायोगानं जुळली होती. तो ३१ चा आकडा मी अजून विसरलेले नाही.

आता तुझी रांगोळी. इथे मात्र मन भरून बोलता येईल, कारण ‘कशावरून’ची तीन उत्तरं तिच्यातच आहेत.

पहिलं उत्तर ओळींचं. चौथी रांगोळी घे, मधली ओळ ७. वरच्या टोकापासून मधल्या ओळीपर्यंत १ + ३ + ५ + ७, आणि खालच्या बाजूला ५ + ३ + १. पहिल्या न विषम संख्यांची बेरीज न² असते. एक ठिपका ठेव, त्याच्याभोवती काटकोनात ३ ठिपके लावलेस की २ × २ चा चौरस होतो, मग ५ लावलेस की ३ × ३ चा. म्हणून वरचे १६ आणि खालचे ९, एकूण २५. म्हणजे सूत्र न² + (न − १)². कंस सोडवलास की ताईचंच सूत्र येतं. बाईंना एवढंही पुरेल.

पण मला दुसरं उत्तर जास्त आवडतं आणि ते वहीत रंगवून दाखव असं मनापासून सांगते. पांढरी रांगोळी आणि गुलाबी रंग घे, किंवा कागदावर दोन स्केचपेन. प्रत्येक ओळ पांढऱ्यानं सुरू कर आणि एकाआड एक रंग दे: पांढरा, गुलाबी, पांढरा, गुलाबी. प्रत्येक ओळीत ठिपके विषम असल्यामुळे शेवटही पांढऱ्यानंच होईल. सात ठिपक्यांच्या ओळीत ४ पांढरे ३ गुलाबी, पाचच्या ओळीत ३ आणि २, तीनच्या ओळीत २ आणि १, टोकाला फक्त एक पांढरा. आता कागद थोडा फिरव, टोक वर न राहता कोपऱ्यात जाईल असा. पांढऱ्या ठिपक्यांचा ४ × ४ चा चौरस समोर येतो आणि त्याच्या घरांमध्ये बसलेला गुलाबी ३ × ३ चा चौरस. १६ आणि ९. ओळींच्या बेरजेत जे न² आणि (न − १)² आकड्यांत आले, ते इथे डोळ्यांसमोर उभे आहेत. वर्गात मी हे खडूनं काढते तेव्हा कागद फिरवता येत नाही, मग मुलंच माना वाकड्या करून बघतात, आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकामागून एक ‘हां…’ येत जातं.

तिसरं उत्तर फरकांच्या तक्त्याला अर्थ देतं. एका रांगोळीतून पुढची करताना आपण बाहेरून एक कड वाढवतो. ती कड चार बाजूंची. दुसऱ्या रांगोळीला ४ ठिपके वाढतात, तिसरीला ८, चौथीला १२. हेच तुझे पहिले फरक! आणि दर वेळी चारही बाजू एकेका ठिपक्यानं लांबतात, म्हणून दुसरा फरक कायम ४. आता तो फरक पाचव्या संख्येपर्यंतच नाही, पन्नासाव्या रांगोळीपर्यंतही ४ राहणार हे आपण ठामपणे म्हणू शकतो. सूत्र लिहायचं तर मधला एक ठिपका, अधिक ४ × (१ + २ + … + (न − १)), म्हणजे १ + २न(न − १). मधला ठिपका सोडून बाकीची रांगोळी चार सारख्या त्रिकोणांत वाटता येते, भिंगरीच्या चार पात्यांसारखी. पुस्तकातल्या त्रिकोणी संख्या आठवतायत ना, १, ३, ६, १०? त्या चार वेळा इथे येऊन बसल्यात.

एक सूचना, इथे पुष्कळजण अडखळतात. ‘न’ म्हणजे काय ते पहिल्याच ओळीत लिही. इथे न म्हणजे रांगोळीचा क्रमांक. मधल्या ओळीतले ठिपके नव्हेत. सातची रांगोळी चौथी आहे. कुणी सूत्रात ७ घातले तर ८५ येतील आणि सूत्रच चुकलं असं वाटेल. मधल्या ओळीवरूनच सूत्र हवं असेल तर तेही सुरेख निघतं: मधल्या ओळीतल्या ठिपक्यांचा वर्ग करायचा, एक मिळवायचा, निम्मे करायचे. ७ चे ४९, ५०, २५. अंगणात रांगोळी काढणाऱ्या माणसाला हेच सोयीचं, कारण तो मधली ओळ आधी मोजतो, क्रमांक नाही. न च्या जागी मधल्या ओळीचे ठिपके अधिक एक, भागिले दोन घालून हे सूत्र स्वतः काढून बघ.

आणि तपासणी अशी कर की ती खरंच तपासणी होईल. ज्या पाच संख्यांवरून सूत्र काढलं त्याच पुन्हा घालून जुळतंय म्हणणं ही तपासणी नव्हे. सहावी रांगोळी काढण्याआधी वहीत लिही: ‘७२ − १२ + १ = ६१ येतील असं वाटतं.’ मग मधल्या ओळीत ११ घेऊन काढ आणि मोज. ११, आणि वर-खाली मिळून दुप्पट (९ + ७ + ५ + ३ + १). आकडा आधी लिहिला होता हे बाईंना दिसू दे.

कारण माहीत असण्याचा आणखी एक फायदा. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर अशा संख्यांमध्ये आयुष्यभर रमले. त्यांच्या आवडीचा एक आकृतिबंध आहे: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एकांपर्यंत तो असाच चढतो-उतरतो. दहा एकांचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१. चढतानाचा आठ गायब, मध्ये दोन शून्यं. गुणाकार उभा मांडून बघ. मधल्या स्तंभात दहा एक येतात आणि हातचा द्यावा लागतो. आधी कुठेच हातचा नव्हता म्हणून आकृतिबंध टिकला होता. ज्यानं कारण शोधलं त्याला तो दहाव्या पायरीला मोडणार हे गुणाकार न करताही सांगता येतं. तुझ्या रांगोळीच्या कारणात असा हातचा कुठेच येत नाही, म्हणून तुझं सूत्र अमुक ठिकाणी थांबेल अशी भीती नाही. हे वाक्य प्रकल्पात जरूर लिही.

प्रस्तावनेसाठी काही हवं असेल तर हे घे. दहावीत ‘अंकगणिती श्रेढी’ येईल. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० मध्ये, ‘श्रेढीव्यवहार’ नावाचं प्रकरणच आहे. त्याच्याही आधी, ४९९ च्या ‘आर्यभटीया’त वर्गांच्या बेरजेचा नियम आहे, आणि तिथे अशा बेरजेला शब्द वापरलाय ‘चिती’, म्हणजे रचलेली रास. पुढे केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी आर्यभटीयावर भाष्य लिहिताना या बेरजा आकृती रचून समजावल्या. तू ठिपके रंगवून जे करणार आहेस ते त्याच जातीचं काम आहे.

वहीत क्रम मात्र नीटनेटकेपणासाठी बदलू नकोस. आधी मोजलं, मग तक्ता केला, मग अंदाज, मग सहाव्या रांगोळीची परीक्षा, मग कारण, जसं घडलं तसंच लिही. मध्ये एखादा आकडा चुकला असेल तर एका रेषेनं खोडून शेजारी कसा चुकला ते लिही. मी तपासते तेव्हा अशा वहीला जास्त गुण देते.

वेळ उरला तर ‘७ ते ४’ची रांगोळी घे, ज्यात ठिपके समोरासमोर नसून दोन ठिपक्यांच्या मध्ये येतात. मधली ओळ ७, मग दोन्ही बाजूंना ६, ५, ४. एकूण ३७. तिच्या लहान बहिणी ‘३ ते २’ आणि ‘५ ते ३’, त्यांचे ७ आणि १९. म्हणजे १, ७, १९, ३७. फरकांचा तक्ता तू आता स्वतः करशील. कारण शोधताना मधला ठिपका बाजूला ठेव आणि बाकीच्यांसाठी या वेळी तीन रंग घे. आणि या चार संख्या पहिल्यापासून एकेक मिळवत जा, १, मग १ + ७, मग त्यात १९… काय दिसतं ते मला इथेच खाली लिहून कळव.