अमेरिकेचे भरगच्च तुरुंग: मुद्दा मांडायचा कसा?

प्रश्न: ‘अमेरिका फार लोकांना तुरुंगात डांबते’ हे निबंधाचं मुख्य विधान चालेल का?

नाही. ‘फार’ म्हणजे किती, यावर सगळा वाद अडेल. त्यापेक्षा असं लिहा: ‘1980 नंतरची कैद्यांची वाढ गुन्हे वाढल्यामुळे नव्हे, तर शिक्षेची धोरणं बदलल्यामुळे झाली.’ हे तपासता येतं. तुरुंगातली संख्या दोनच गोष्टींवर ठरते: आत किती जण येतात आणि किती काळ राहतात. म्हणून चार आकडे वेगवेगळे काढा: गुन्हे, दर गुन्ह्यामागे अटका, दर अटकेमागे तुरुंगवास आणि प्रत्यक्ष भोगलेला काळ. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या 2014 च्या अहवालानुसार वाढ मुख्यतः शेवटच्या दोहोंत आहे. तुमचे परिच्छेदही याच क्रमाने लावा. नुसता 1980 आणि 2009 चा आलेख चिकटवला, तर वाढ दिसते, कारण दिसत नाही.

प्रश्न: कुठे 16 लाख कैदी, कुठे 23 लाख, कुठे एक कोटी. खरं काय?

तिन्ही. 2009 च्या सुमारास राज्य आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगांत मिळून 16 लाख होते, शहर-जिल्ह्यांचे स्थानिक जेल धरले की सुमारे 23 लाख. या जेलमध्ये बहुतेक कच्चे कैदी असतात, निकालाची वाट पाहणारे. एक कोटीहून जास्त ही त्या काळातली जेलमधली वर्षभराची आवक. तीच व्यक्ती तीनदा आत गेली तर तीनदा मोजली जाते, त्यामुळे ‘एक कोटी लोक’ लिहिलंत की परीक्षक तिथेच लाल रेघ मारणार. प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष, कुठला तुरुंग आणि ‘एका दिवसाचा की वर्षाचा’ एवढं लिहाच.

प्रश्न: अमली पदार्थांचे कैदी सोडले तर प्रश्न सुटेल, असा माझा निष्कर्ष आहे.

इथेच बहुतेक निबंध गडगडतात. फेडरल तुरुंगांत जवळजवळ निम्मे कैदी या गुन्ह्यांचे, पण देशातल्या शिक्षा झालेल्या कैद्यांपैकी जेमतेम आठवा हिस्सा फेडरल. राज्यांच्या तुरुंगांत हे प्रमाण साधारण सातांत एक, आणि निम्म्याहून जास्त कैदी हिंसक गुन्ह्यांचे. सगळ्यांना आवडणारं उदाहरण घ्या: 1986 च्या कायद्यात 5 ग्रॅम क्रॅकला (कोकेनचाच खड्यांच्या रूपातला प्रकार) किमान पाच वर्षं, तेवढ्याच शिक्षेसाठी पावडर कोकेन मात्र 500 ग्रॅम. 2010 मध्ये क्रॅकची मर्यादा 28 ग्रॅम झाली. विषमता दाखवायला हे उत्तम आहे, पण कायदा फेडरल असल्याने राज्यांतली वाढ त्याने समजावता येत नाही. उलट बाजूही नोंदवा: अमली पदार्थांच्या कैद्यांच्या शिक्षा तुलनेने लहान, म्हणून एका दिवसाच्या मोजणीपेक्षा वर्षभराच्या आवकीत त्यांचा वाटा मोठा दिसतो.

प्रश्न: ‘तुरुंग भरले म्हणूनच 1990 च्या दशकात गुन्हे घटले’, याला काय उत्तर द्यावं?

थोडा परिणाम मान्य करून टाका. सगळंच नाकारलंत तर विश्वास उडतो. मग कॅनडा समोर ठेवा: त्याच दशकात तिथेही गुन्हे घटले, कैदी मात्र तसे वाढले नव्हते. त्यापुढे वयाचा मुद्दा घ्या. वय वाढतं तसं गुन्ह्याचं प्रमाण उतरतं, म्हणून विसाव्या वर्षी जेमतेम काही उपयोग असलेली कोठडी पन्नाशीत फक्त खर्च उरते. मात्र हा युक्तिवाद लांबलचक शिक्षांपुरताच आहे, सरसकट सगळ्या कैद्यांना लावू नका.