वाचकांचे प्रश्न : जुनी हायब्रिड गाडी आणि हरवलेली किल्ली

या महिन्याच्या टपालात किल्ल्यांबद्दलची पत्रं बरीच आहेत. सांगलीच्या ताईंचं पत्र सविस्तर घेतो. सेकंडहँड हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, घेणाऱ्याला ज्या ज्या ठिकाणी अडायला होतं, त्या बहुतेक सगळ्या जागा त्यात आल्या आहेत.

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही पुण्यातल्या एका गृहस्थांकडून २०१५ सालची टोयोटा कॅमरी हायब्रिड घेतली. सोबत एकच स्मार्ट किल्ली मिळाली. दुसरी ‘शोधून पाठवतो’ म्हणाले, ती आलीच नाही. गेल्या पौर्णिमेला नृसिंहवाडीला घाटावर उतरताना यजमानांच्या खिशातली किल्ली कृष्णेत पडली. गाडी तिथेच एका ओळखीच्यांच्या दारात उभी आहे. आरसी अजून आमच्या नावावर झालेली नाही, त्यामुळे शोरूमवाले किल्लीची ऑर्डर घेत नाहीत. एक जण म्हणतो, ‘वायरिंगमधून बायपास करून चालू करून देतो.’ काय करावं? विम्यातून काही मिळेल का? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : ताई, त्या बायपासवाल्याला आधी ‘नको’ म्हणून फोन करा, मग पुढचं वाचा.

अँबेसिडर किंवा मारुती ८०० च्या काळात स्विचमागच्या दोन वायरी जोडल्या की स्टार्टर फिरायचा. तुमच्या कॅमरीत तसा स्टार्टरच नाही. इंजिन फिरवते ती हायब्रिड यंत्रणेतली मोटर, आणि तिला वीज मिळते मागच्या सीटच्या पाठीमागे असलेल्या मोठ्या बॅटरीतून. ती बॅटरी २४४.८ व्होल्टची आहे आणि पुढे इन्व्हर्टरमध्ये हा दाब साडेसहाशे व्होल्टपर्यंत चढवला जातो. गाडीच्या कॉम्प्युटरने किल्ली ओळखली तरच त्या बॅटरीचे रिले, म्हणजे वीज सोडणारे स्विच, जोडले जातात. त्यामुळे वायरी जोडून गाडी चालू होणार नाही. उलट त्या गडबडीत नारिंगी रंगाच्या केबलला कोणाचा हात लागला तर जिवावर बेतेल. मी हे भीती घालायला लिहीत नाही. आमच्या उद्यमनगरातली हाताला चांगली असलेली पोरंसुद्धा नारिंगी केबल दिसली की हात मागे घेतात, आणि तेच बरोबर आहे.

आता एक सोपी गोष्ट, जी अजून कोणी केली नसेल. घाटावर बुड्या मारणारी पोरं असतात, त्यांना किल्ली शोधायला सांगा. सापडली तर बटणं दाबून बघू नका. लगेच उघडून सेल काढा, आतली सर्किटची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि नवा सेल घाला. रिमोट मेला असला तरी आशा सोडू नका. सेल नसतानाही चालणारा ओळखीचा भाग या किल्लीत असतो. ब्रेक दाबून किल्लीची टोयोटाच्या चिन्हाची बाजू स्टार्टच्या बटणाला टेकवा. गाडीने आवाज दिला की बटण दाबा. गाडी अशी चालू झाली तर घरी न जाता सरळ शोरूम गाठा आणि दुसरी किल्ली करून घ्या.

एवढ्या घाईचं कारण सांगतो. स्मार्ट किल्ली नुसती विकत घेऊन चालत नाही. रेशनकार्डावर नाव चढवावं तशी ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते. नोंदलेली एक किल्ली हातात असेल तर काम सोपं आहे. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडणी करायची जागा) स्कॅनर लावायचा, जुनी किल्ली दाखवायची, नवी दाखवायची, झालं. एकही किल्ली नसेल तर मात्र इमोबिलायझरच, म्हणजे अनोळखी किल्लीने गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणाच, रीसेट करावी लागते. त्यासाठी चेसिस नंबरवरून कंपनीकडून कोड मागवावा लागतो किंवा काही गाड्यांमध्ये कॉम्प्युटरचा भाग बदलावा लागतो. खर्च कितीतरी पटींनी वाढतो तो इथे. म्हणून सेकंडहँड गाडी एका किल्लीवर मिळाली तर दुसरी करण्याचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा आणि भाव करताना तो मागावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

किल्ली सापडलीच नाही तर पुढचा अडथळा कागदांचा. शोरूमवाल्यांवर रागावू नका. आरसीवर ज्याचं नाव नाही त्याला किल्ली न देणं हेच त्यांचं काम आहे. उद्या तुमच्या गाडीची किल्ली कोणी परस्पर करून मागितली तर त्यांनी असंच अडवायला हवं ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत हस्तांतराचा अर्ज करायचा असतो. फॉर्म २९ आणि ३० भरले नसतील तर याच आठवड्यात भरा. तोवर थांबायचं नसेल तर पुण्याच्या गृहस्थांना ओळखपत्रासह शोरूममध्ये बोलवा, किल्लीची ऑर्डर त्यांच्या सहीने जाऊ द्या. कागदावर आजही मालक तेच आहेत. नुसत्या फोनवरच्या ‘हो’ने काम होणार नाही.

जवळच्या पोलीस ठाण्यात किल्ली गहाळ झाल्याची नोंदही करा. शोरूम ती मागेल, विमा कंपनीही मागेल.

गाडी हलवायची तर फ्लॅटबेडवरच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या सपाट ट्रकवर. टोचन लावून ओढू नका. कॅमरीची पुढची चाकं हायब्रिडच्या मोटरला जोडलेली आहेत. ती रस्त्यावर फिरली की मोटर फिरते, वीज तयार करते आणि यंत्रणेचं नुकसान होऊ शकतं. पुढची चाकं उचलून नेता येते, पण वाडीपासून सांगलीपर्यंतच्या रस्त्याला फ्लॅटबेडच घ्या. त्यापेक्षा रीसेट करणारा माणूस स्कॅनर घेऊन गाडीजवळ यायला तयार असेल तर उत्तम.

शोरूमच हवं असं माझं म्हणणं नाही. कोल्हापूर-पुण्यात चांगले किल्ली कारागीर आहेत, त्यांच्याकडे योग्य स्कॅनर असतात आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. कारागीर पारखायचा तो असा : तो आधी आरसी आणि ओळखपत्र मागतो का, ओबीडी सॉकेटमधूनच काम करतो का, आणि तुमच्या मॉडेलची किल्ली नवी, न नोंदवलेली आणतो का. कागद न विचारता किल्ली करून देणारा माणूस दुसऱ्या कोणालाही तुमच्या गाडीची किल्ली करून देईल. कोटेशन लेखी घ्या. किल्लीची किंमत, तिच्यातलं धातूचं पातं कापण्याचे पैसे आणि प्रोग्रामिंग हे तिन्ही वेगवेगळं लिहून मागा. आणि दोन किल्ल्या एकदमच करा. रीसेटचा मुख्य खर्च एकदाच होतो.

किल्लीच्या पोटात जे धातूचं छोटं पातं असतं, ते विसरू नका. नव्या गाडीबरोबर किल्लीचा नंबर कोरलेली एक छोटी पट्टी मिळते. पुण्याच्या गृहस्थांकडे त्या पट्टीची चौकशी करा, कारण तिच्यावरून पातं अचूक कापता येतं. रीसेटनंतर जुन्या दोन्ही किल्ल्यांची नोंद पुसली जाते, म्हणजे त्यांनी गाडी चालू होणार नाही. पण दुसऱ्या किल्लीतलं पातं दाराचं कुलूप पूर्वीइतकंच उघडेल. ती किल्ली कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून गाडीत मौल्यवान काही ठेवू नका. मनाला रुखरुख लागत असेल तर दाराचा लॉक सिलिंडर बदलून घ्या. काम झाल्यावर ‘आता किती किल्ल्या नोंदल्या आहेत?’ हे स्कॅनरच्या पडद्यावर स्वतः बघा. आकडा दोनच दिसला पाहिजे.

राहिला विमा. साध्या पॉलिसीत हरवलेल्या किल्लीचे पैसे मिळत नाहीत. ‘की रिप्लेसमेंट’ नावाचं वेगळं ॲड-ऑन घेतलेलं असेल तरच मिळतात, आणि पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर तिथेही अडेल. पण यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. गाडी चोरीला गेल्यावर दावा करताना विमा कंपनी सगळ्या मूळ किल्ल्या मागते. एकच दिली तर दुसरी कुठे गेली, याचा जाब विचारते आणि दावा लटकतो. म्हणून आपल्याला एकच किल्ली मिळाली हे विकणाऱ्याकडून सहीनिशी लिहून घ्या. ही किल्ली हरवल्याचं पत्रही विमा कंपनीला आजच पाठवा, पोच घ्या आणि पोलीस नोंदीची प्रत त्याला जोडा. किल्ली हरवून गाडी अडली, हा त्रास काही दिवसांचा. हे कागद नसले तर पुढे अख्ख्या गाडीचे पैसे अडकू शकतात.

प्रश्न : मुलीला कॉलेजसाठी २००८ ची टोयोटा प्रियस घेतली. किल्ली एकच आली, ती डॅशबोर्डवरच्या खाचेत सरकवावी लागते. ऑनलाइन स्वस्तात एक वापरलेली किल्ली मागवली, पण इथला लॉकस्मिथ ती नोंदवता येत नाही म्हणतो. पुण्याच्या भावाकडे टोयोटा हायब्रिड आहे, तिथून नवी किल्ली मागवू का? (एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : भारतातून मागवू नका. तिकडच्या टोयोटाच्या किल्ल्या साधारण ३१५ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलतात, इकडच्या ४३३ च्या आसपास. दिसायला सारख्या असल्या तरी तुमची प्रियस तिचं ऐकणार नाही. लॉकस्मिथचंही बरोबर आहे. या पिढीची किल्ली एकदा एका गाडीला बांधली गेली की सहसा दुसरीला लागत नाही. ती परत करा.

नवी घेण्याआधी एक बघा. २००४ ते २००९ च्या प्रियसमध्ये दोन प्रकार होते. एकात किल्ली खिशात ठेवूनच दार उघडतं आणि गाडी चालू होते, दुसऱ्यात ती खाचेत घालावीच लागते. दोन्ही किल्ल्या बाहेरून सारख्याच दिसतात, आतून वेगळ्या असतात. तुमच्या गाडीत स्मार्ट यंत्रणा असूनही कोणीतरी ती बंद केलेली असू शकते किंवा किल्लीचा सेल संपलेला असू शकतो. सेल संपला की किल्ली खिशातून चालत नाही, खाचेत घातली की चालते. तेव्हा पहिल्यांदा सेल बदलून बघा.

मुलीच्या हातात आज एक चालू किल्ली आहे, हा मुहूर्त धरा. ती हरवली तर डीलर कॉम्प्युटर बदलायला सांगेल आणि त्या बिलात एवढ्या जुन्या गाडीच्या किमतीचा चांगला मोठा हिस्सा जाईल. तशी वेळ आलीच तर तिथे एनएएसटीएफ या संस्थेकडे नोंद असलेला लॉकस्मिथ शोधा. अशा नोंदणीकृत कारागिरांना कंपन्यांकडून किल्लीचे आणि इमोबिलायझरचे कोड अधिकृतपणे मिळतात आणि बऱ्याचदा काही न बदलता काम होतं. गाडीचं टायटल, म्हणजे तिकडचा मालकीचा कागद, मुलीच्या नावावर असेल तर तिलाच समोर उभं राहावं लागेल.

प्रश्न : आमची ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिड सेकंडहँड आहे. मिस्टरांना एसटी स्टँडवर सोडलं, किल्ली त्यांच्याच खिशात राहिली. गाडी चालूच होती, मी निघाले, तर पडद्यावर किल्ली सापडत नसल्याचा इशारा आला. गाडी मध्येच बंद पडली असती का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : नाही, चालती गाडी त्यासाठी बंद होत नाही. एकदा बंद केलीत तर मात्र किल्लीशिवाय पुन्हा सुरू होणार नाही. पेट्रोल गाडीत इंजिनचा आवाज आपल्याला सावध करतो. हायब्रिड उभी असताना इंजिन बहुतेकदा शांत असतं, त्यामुळे गाडी चालू आहे हेच विसरून माणूस किल्ली घेऊन उतरतो. अशा वेळी पेट्रोल पंपावर किंवा भाजीला थांबून बटण दाबू नका. दुसरी किल्ली घरी असेल तर सरळ घरी जा, नाहीतर मिस्टरांना गाठा. एसटी सुटली असेल तर पुढच्या थांब्यावर.

उलट प्रकारही सांभाळा. किल्ल्या गाडीजवळच्या भिंतीच्या खिळ्याला टांगू नका. गाडी आणि किल्ली जवळजवळ असल्या की एकमेकींशी बोलत राहतात, त्यात किल्लीचा सेल आणि गाडीची १२ व्होल्टची बॅटरी दोन्ही उतरतात. ती छोटी बॅटरी उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही, आणि लोक समजतात किल्लीच बिघडली. नवी किल्ली मागवण्याआधी ती १२ व्होल्टची बॅटरी मीटर लावून तपासून घ्या.