मारत तीच होती, मग जिंकली दुसरी कशी?

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची. पाच महिने बॉक्सिंग शिकते. म्हापशात तिची पहिली लढत झाली. सगळा वेळ हीच मारत होती, समोरची मागे मागे सरत होती. तरी हरली ही. वर ही चांगली उभी असताना पंचांनी आठपर्यंत आकडे मोजले. हा अन्याय नाही का?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, मोबाइलवर लढत घेतली असेलच. ती एकदा आवाज बंद करून बघा. आपल्या माणसांचा आरडाओरडा कानावर असला की आपलंच पोर जिंकताना दिसतं. पुतण्याच्या वेळी मीही असाच भांडलो होतो, नंतर तोंड लपवत फिरलो.

मराठीत पंच मारतोही आणि मोजतोही, म्हणून मी मारतात त्याला ठोसा म्हणतो आणि मोजतो त्याला रेफरी.

ग्लोव्हच्या पुढच्या, मुठीच्या भागाने डोक्यावर समोरून वा बाजूने, किंवा पट्ट्याच्या वर अंगावर नीट बसला तोच ठोसा धरतात. समोरचीच्या कोपरावर, खांद्यावर बसलेले आणि उघड्या ग्लोव्हने थापटलेले सगळे फुकट. पाच जज प्रत्येक फेरीला जिंकणारीला १० गुण देतात, दुसरीला बहुतेक वेळा ९. कोण पुढे चालून गेली याचे वेगळे गुण नाहीत. धिरयोत, म्हणजे बैलांच्या झुंजीत, पाठ फिरवणारा बैल हरतो. इथे मागे सरत सरत नेमका जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारणारी फेरी घेऊन जाते. मोठ्या रिंगणात दोरांच्या आत ६.१० मीटरचा चौकोन असतो. पाय चालत असतील तर सरायला तेवढी जागा पुष्कळ.

आठ मोजणं ही शिक्षा नव्हे. मुलगी पडली नाही, पण ठोशाने हबकली असं वाटलं तरी रेफरी मोजतो, आणि मोजताना तिचे डोळे बघतो. त्या वेळी दुसरीला तटस्थ, म्हणजे पांढऱ्या कोपऱ्यात जाऊन थांबावं लागतं. हेडगार्ड आहे ना, मग कशाला मोजायचं, असं पालक म्हणतात. हेडगार्डने कातडी फाटणं कमी होतं, आत मेंदू हलायचा तो हलतोच. त्या रेफरीचे आभार माना.

आता ती का हबकली, ते बघा. माझा अंदाज, जॅब मारल्यावर तिचा डावा हात खाली लोंबतो. पहिल्या लढतीत दहांतली आठ पोरं हेच करतात. ठोसा गेला त्याच वाटेने गालापाशी परत यायला हवा; कमरेवरून फिरून आला की मधे हनुवटी उघडी. दुसरी खोड पायांची. पुढे जाताना आधी पुढचा पाय, मग मागचा. मागे येताना उलट. पाय एकमेकांना ओलांडले की साध्या धक्क्यानेही तोल जातो. फुगडी घालणाऱ्या मुलीला हे पटकन जमतं, असं मी पाहिलंय.

अंगणात खडूने एक रेघ ओढा. डावा पाय रेघेच्या एका बाजूला, उजवा दुसऱ्या बाजूला मागे, उजवी टाच किंचित उचललेली. (डावखुरी असेल तर उलट.) हनुवटीखाली घडी केलेला रुमाल धरायचा आणि रोज पंधरा मिनिटं नुसते जॅब, पुढे-मागे सरकत. रुमाल पडला की पुन्हा सुरुवात. बॅगेवर धडाधडा मारणं तूर्त बंद.

दहा दिवसांनी व्हिडिओ पाठवा. चेहरा नसला तरी चालेल, पाय दिसले पाहिजेत.